आत्यानं उतरवलेला उजवा डोळा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव येते. माझं बीएस्सी झालंय आणि अंगारे-धुपारे करणाऱ्यांना मी तोंडावर अडाणी म्हणतो. तरी हे लिहितोय... वाचा आणि तुम्हीच ठरवा.

वनरक्षक भरतीच्या मेडिकलला चष्मा चालणार नव्हता. म्हणून मागच्या हिवाळ्यात नागपूरला दोन्ही डोळ्यांचं लेसर करून घेतलं. माझं बुबुळ पातळ, त्यामुळे वरचा नाजूक पापुद्रा खरवडून काढला. तो काठाकडून मध्याकडे भरत येतो, चार-पाच दिवस घेतो. तोवर जखम झाकायला वरून मऊ लेन्स. दुसऱ्या दिवशी यवतमाळला आलो आणि दारव्हा रोडवरच्या घरी पडदे ओढून, काळा गॉगल लावून पडलो. डोळ्यांत नुसती आग.

तेवढ्यात नेरहून आत्या आली, पिशवीत शेतातला कापूस घेऊन! डोळ्यात फूल पडू नये, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग येऊ नये, म्हणून ती वात उतरवते. डोळ्यासमोर वीतभर लांबून वात फिरवायची, काहीतरी पुटपुटायचं, मग पाण्यात सोडायची. एकेका डोळ्याला अर्धा तास! असला बिनडोकपणा कोण सहन करणार? लवकर सुटका व्हावी म्हणून मी थाप मारली — एकाच डोळ्याचं झालंय, उजव्या. तिनं मनोभावे उजवा उतरवला आणि दुपारच्या एसटीनं गेली. मी मागून मनसोक्त हसलो.

दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरांनी लेन्स काढून, जखम दाखवणारा पिवळा थेंब टाकून तपासलं. उजवा पूर्ण भरलेला. डावा अजून अर्धाअधिक उघडाच. त्यांनी दोनदा पाहिलं.

"दोन दिवसांत असा भरलेला मी पाहिला नाही," एवढंच म्हणाले.

दोन डोळे सारखे भरत नाहीत, हे मलाही कळतं. पण एकाच माणसाचे, एकाच दिवशी केलेले, थेंबही तेच... इतका फरक?

डावा आठव्या दिवशी भरला आणि धूसर राहिला. औषधं झाली, उपयोग नाही. मेडिकलला उजव्यानं सगळ्या ओळी वाचल्या, डाव्याला शेवटच्या दोन दिसल्या नाहीत. माझं नाव कटलं.

मग नेरला जाऊन आत्याला खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर लाज वाटली. ती रागावली नाही.

"दोन्ही होते त मले सांगतलं काहून नाई रे? मले कोठं घाई होती?"

वातीनं बुबुळ भरतं, असं मी आजही मानत नाही. पण त्या दिवशी नेरहून निघण्याआधी मी आत्यासमोर बसलो आणि डावा डोळाही उतरवून घेतला.