धर्मराजनी पाणी ओतून आखलेली वाट

करावे गावच्या धर्मराज तांडेलांचं सायकलचं दुकान सीवूड्स स्टेशनच्या मागे आहे. वय साठीला टेकलेलं, पोट जरा पुढे, आणि घमेंड एकच: मी काढलेल्या वाटेवर कुणाला उतरून सायकल ढकलावी लागत नाही. घमेंड खरी होती, तिथेच घात झाला.

बेलापूरच्या मागच्या डोंगरावर गिअरच्या सायकली हाणणारी पोरं त्यांच्याकडेच यायची. गुडघे फुटलेले, चाकं वाकडी. "ही वाट नाय, घसरगुंडी हाय," म्हणत एका रविवारी धर्मराज कुदळ आणि पाण्याची बाटली घेऊन स्वतःच वर गेले.

बाटली पिण्यासाठी नव्हती. त्यांचे वडील मिठागरात राबलेले. खाडीचं पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात न्यायचं, तर उतार असा हवा की पाणी पळूही नये आणि साचूही नये. ते ठरवायला वडील पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून बघायचे. लेकाने डोंगरावर तेच केलं. पाणी पळालं की वळण लांबवायचं, पुन्हा खणायचं. सहा किलोमीटरच्या वाटेला सात वर्षं लागली. "पोटापान्याचं सोडून डोंगर खरवडताय," असं त्यांची बायको गोजरा करवादायची आणि भाकरी बांधून द्यायची.

गेल्या हिवाळ्यात दोन तरुण दुकानात आले. पाठीवर जड पेट्या. "काका, डोंगर चढायला सोपी वाट कुठली?"

हा प्रश्न, आणि तोही धर्मराजना! शटर खाली ओढून ते पोरांच्या पुढे निघाले. आल्यागेल्याला आधी पाणी, मग नावगाव, ही गावची रीत. पाणी पाजलं, नावगाव विचारायचं राहून गेलं. प्रत्येक वळणावर पोरं यंत्र उभं करून म्हणत, "काका, काय उतार साधलाय!" आणि काका आणखी पुढे नेत. वर तर त्यांना भाकरीही खाऊ घातली.

दोन महिन्यांनी वैदेही नकाशा घेऊन आली. ही आयटीतली मुलगी, सगळ्या सायकलवाल्यांची म्होरकी. डोंगरावरून महामार्ग जाणार होता. नकाशावरची लाल रेघ धर्मराजनी बोटाने चाचपली. बारीकसारीक वळणं ताणून सरळ केली होती, चढ मात्र त्यांचाच होता.

"सगळा डोंगर सोडून नेमका आपलाच ट्रेल कसा सापडला यांना?" वैदेही तणतणत होती. धर्मराज खाली मान घालून एकच चेन पुन्हा पुन्हा पुसत राहिले. माणूस इतका ओशाळलेला क्वचितच दिसतो.

घरी त्यांनी गोजराला त्या दोन पेटीवाल्यांचं सांगितलं.

"मंग सायकलवाल्या पोरांना सांगा ना. चोरी केली काय तुमी?"

"सांगितलं तर एक पन पोर दुकानाची पायरी चढनार नाय."

जनसुनावणी समाजमंदिरात झाली. वैदेही झाडांबद्दल, पाखरांबद्दल मुद्देसूद बोलली. महामार्गाच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाकी सगळा कातळ आहे, मॅडम. एवढा सोपा चढ दुसरीकडे नाही."

धर्मराज उभे राहिले. "तो चढ मी काढलाय, साहेब. आनि तुमच्या पोरांना मीच दाखवला." मग वैदेहीकडे वळून म्हणाले, "मना वाटलं, वाटेचं कवतिक करायला आलेत."

"म्हणजे उतार उत्तम आहे, हे तुम्हीच सांगताय," साहेब म्हणाले. "मग हरकत कशाची?"

"तीच तर हरकत हाय. आमचं मिठागर पन उत्तम होतं. सपाट, मोकलं. म्हनून शहराला आवडलं. बापानं पानी ओतून केलेली जमीन गेली, तवा मी ल्हान होतो, गप बसलो. आता मी पानी ओतून केलेली तुमाला आवडली. चांगलं करायचं आमी, आनि चांगलं दिसलं का न्यायचं तुमी. लिवून घ्या, साहेब."

साहेबांनी पेन उचललं, पण लिहिलं काय ते दिसलं नाही. निर्णय नंतर कळवू, म्हणाले.

बाहेर चपला शोधताना धर्मराजना वैदेहीकडे बघवेना. तीच जवळ आली. डोळे लाल, आवाज चिडका. "काका, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"हो. चुकलं."

तिने पायात चपला सरकवल्या. मग नाक ओढून म्हणाली, "सातव्या वळणाची कड धसलीय. रविवारी येताय ना?"

धर्मराज "हो" म्हणाले आणि रविवारी पहाटे त्यांनी रिकामी बाटली नळाखाली धरली. गोजराने पोरांसाठी चार भाकऱ्यांचं पीठ जास्त घेतलं.