वांग्यावरचा आळ

माझ्या लेकीच्या गालांवर पुटकुळ्या आल्या तेव्हा मी लगेच निकाल देऊन टाकला: उष्णता. आमच्याकडे तोंडावर काहीही उठलं की उष्णताच असते, आणि उष्णता म्हटली की पहिलं वांगं बंद. तिचं सर्वांत आवडतं नेमकं तेच. मग ठेचा, शेंगदाणे, आंबा, गूळ, लोणचं. माझा स्वभावच असा, एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही.

जे जे काढून घेतलं त्याच्या बदल्यात मी दूध द्यायचे. दूध थंड, दूध उष्णता मारतं, हे माझ्या आईनं सांगितलेलं. जवळच्या पनागर गावाहून येणाऱ्या दूधवाल्या भैयाकडून मी एक लिटर वाढवून घेतलं. सकाळी एक ग्लास, कॉलेजातून आली की एक, झोपताना हळद घालून एक. ती नाक मुरडायची आणि मी समोर उभी. ग्लास रिकामा झाल्याशिवाय हलायचे नाही.

पुटकुळ्या काही हटल्या नाहीत. उलट हनुवटीवर गाठी झाल्या, दुखायला लागल्या. पोरगी ओढणीनं तोंड बांधून कॉलेजला जायची. उन्हात इथं सगळ्याच बांधतात, पण ही वर्गातही सोडेना. मग लग्नाकार्याला येणं बंद झालं, कॉलेजातही दोन-दोन दिवस दांडी. मला वाटायचं, ही बाहेर चोरून समोसे खाऊन राहिली. एकदा मी तिची बॅग तपासली. शरम वाटते सांगायला, पण तपासली. निघाला काय, मीच दिलेला डबा, अर्धा तसाच.

एकदा तिनं हळूच सांगितलंही. हिंदी मुलखात वाढलेली, घरातही ती अर्धं हिंदीतच बोलते. "आई, दूध पिल्यावर ज्यादा येऊन राहिले."

"दुधानं कोणाला पुटकुळ्या येतात काय? नाटकं नको करू," मी म्हटलं. तिनं ग्लास उचलला. पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेही शेजारणीनं टोकलं म्हणून. बाईंनी तिला विचारलं, काय काय खातेस. उत्तर मीच दिलं, मोठ्या तोऱ्यात, बंद केलेली एकेक वस्तू मोजून. त्यांनी तिचं वजन केलं. सहा किलो उतरलं होतं. मग दुधाचं विचारलं. त्यांचं म्हणणं, काहींना दुधानं वाढतं, काहींना नाही, छातीठोकपणे सांगता येत नाही. मलम लावा, दूध दोन महिने थांबवून बघा, बाकी सगळं खाऊ द्या. माय वो! चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोराला हळद घालून पाजत होते.

दोन महिन्यांत गाठी बसल्या. मलमानं की दूध सुटल्यानं, देव जाणे. डाग आहेत, नव्या पुटकुळ्याही अधूनमधून येतात.

तरी त्या आनंदात मी भरली वांगी केली, जवळपास वर्षानं. ताट वाढलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि हात तसाच धरून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, खाऊ?"

एकोणीस वर्षांची पोरगी. "खा न, माय," मी म्हटलं. तिनं एक वांगं खाल्लं. मग उठून आरशापाशी गेली, गाल चाचपून आली, आणि दुसरं नको म्हणाली.