दादाच्या गालातला चट्टा आणि पीण्यातले आठ दिवस

"ह्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय, तिखट सोसत नाही. माझं ऐकत नाहीत. तुम्ही या, ताई," वहिनीचा फोन आला आणि मी मिरजेहून बेंगळुरूची गाडी धरली.

यशवंतपूरला उतरलात तर रिक्षाच्या नादी लागू नका. मेट्रोने पीण्या दोनच स्टेशनं. दादा तिथल्या एका कारखान्यात लेथवर आहे. वीस वर्षं तंबाखू मळतोय.

"उगाच रजा टाकलीस," तो म्हणाला.

"टाकलीच आहे, तर चल."

सरकारी दवाखाना गल्लीच्या टोकालाच, तपासणी फुकट. सकाळी लवकर जा, रांग कमी असते. नर्सने बॅटरी पाजळली. "अण्णा, बायी तेगीरी. इन्नू स्वल्प." तोंड आणखी उघडा म्हणत होती, पण दादाचं जेमतेम दोन बोटं उघडलं. आमचं बोलणं ऐकून ती मराठीत बोलू लागली, सीमेवरच्या अथणीची निघाली.

"तीस ओलांडलेल्या प्रत्येकाचं तोंड बघायचं, असा देशभरचा कार्यक्रम आहे. दुखायच्या आधी यायला हवं होतं, अण्णा."

तिच्या चिठ्ठीवर दातांच्या मोठ्या दवाखान्यात चट्ट्याचा तुकडा तपासणीसाठी काढला. रिपोर्ट पाच दिवसांनी.

तेवढ्या दिवसांत आम्ही चिकपेटचा साड्यांचा बाजार पालथा घातला. तिथे चालतच फिरावं, आणि साडीचा भाव पहिल्या दुकानात ठरवू नये. पिशव्या सांभाळत दादा हळूच म्हणाला, "काही निघालं तर कारखान्यात कळू देऊ नकोस." त्याच्या हातातली एक पिशवी मी घेतली.

कॅन्सर नव्हता. तंबाखू चालू राहिली तर होऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वहिनी तिथेच बाकावर बसून रडली, मग आम्ही तिघांनी डोसे खाल्ले.

रिपोर्ट दाखवायला गल्लीतल्या दवाखान्यात गेलो, तेव्हा दादा नर्सला म्हणाला, "सोडतो, अक्का."

"सगळेच म्हणतात. दर सोमवारी येऊन सांगा." मग माझ्याकडे वळली. "तिशीनंतर बायकांचीही तपासणी असते. तुमची झाली?"

मी चव्वेचाळीस वर्षांची, आणि माझी कधीच झाली नव्हती.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी इथल्या आरोग्य केंद्रात गेले. स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी वीस मिनिटांत आटोपली. लाज वाटली, भीतीही वाटली. सगळं ठीक निघालं. या प्रवासातून आणलेल्या साड्या अजून कपाटातच आहेत. शेजारच्या दोघींना मात्र मी केंद्रात नेऊन आणलं.

काल सहावा सोमवार. दादाचा फोन आला. "या आठवड्यात एकदाच खाल्ली. अक्कांनाही खरं तेच सांगितलं."