बंद धर्मशाळा आणि बावीस मुलांची हजेरी

मेमोत दोन ओळी होत्या. ‘भेटीच्या दिवशी बालवाडी केंद्र बंद आढळले. मस्टरवर मात्र बावीस मुले हजर दाखवली आहेत. तीन दिवसांत खुलासा करावा.’

मी तेव्हा बालसेविका होते. जामसंड्यापासून आत तासभर चालले की एक वाडी लागे, तिथे माझी नेमणूक होती. पन्नासच्या दशकाची अखेर. अडीच ते पाच वर्षांची मुले सांभाळणे आणि त्यांना शाळेसाठी तयार करणे, हे बालसेविकेचे काम. केंद्र देवळाशेजारच्या धर्मशाळेत होते. पाटी केंद्राची, कुलूप केंद्राचे. ब्लॉकचे साहेब तपासणीला आले त्या दिवशी कुलूप लागलेले होते, हे खरे. बावीस मुले हजर होती, हेही खरे.

ब्लॉक ऑफिसचे हेडक्लार्क भले गृहस्थ होते. मेमोवर माझी सही घेताना हळूच म्हणाले, “बाई, चूक झाली, क्षमा असावी, असं लिहा. दोन ओळीत प्रकरण मिटतं.”

“चूक झालेली नाही.”

“झाली नसली तरी लिहा. मुलीसारख्या आहात म्हणून सांगतो.”

मी तिथेच उभ्याने खुलासा लिहिला. ‘हजेरी खरी आहे. केंद्र चालू होते. साहेबांनी दार पाहिले, मुले पाहिली नाहीत.’

हेडक्लार्कनी वाचले. चष्मा काढून पुसला. “शेवटचं वाक्य खोडता?”

“नाही.”

कागद आत गेला.

मुले धर्मशाळेत का नव्हती, ते सांगायला हवे. पावसाळ्यात केंद्र भरलेले असे. भातकापणी सुरू झाली आणि आठवड्याभरात बावीसवरून पाचवर आले. कारण साधे होते. बायका उजाडताच शेतावर जात. कापणी, मग झोडणी, मग ओढ्याकाठी वायंगण, म्हणजे हिवाळी भात, मग कुळीथ. शिमग्यापर्यंत हेच. लहान मूल वीस मिनिटे चालवत धर्मशाळेत पोचवायला घरात माणूस नसे.

मी घरोघर फिरले. आनंदी नावाच्या बाईच्या घरी तिची मुलगी पारू खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, खांबाला बांधलेली दिसली. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी, पट्टीचे दुसरे टोक खांबाला. वय साडेतीन. पट्टी पोचेल तेवढ्या वर्तुळात जमीन गुळगुळीत झाली होती. दुपारी जेवायला घरी आलेली आनंदी माझ्यावरच खेकसली.

“अशा काय बघतास बाई? हौस नाय माका. बाव हयच आसा. मोकळा सोडला नि बावीत गेला, तर कोण जबाबदार? सरकार?”

विहीर खरोखर दहा पावलांवर होती. तिला कठडा नव्हता.

त्या वाडीत अशी बांधलेली मुले मी चार मोजली. दुसऱ्या दिवसापासून धर्मशाळेला कुलूप लावले आणि केंद्र खळ्यांत नेले. वाडीच्या चार भागांत चार खळी ठरवली. मुले जवळच्या खळ्यात जमत. प्रत्येक खळ्यात एक म्हातारे माणूस राखणीला बसे आणि मी दिवसभर चारही ठिकाणी फिरे. वरच्यांना विचारले नाही. विचारले असते तर उत्तर शिमग्यानंतर आले असते.

पावसाने खळे दर वर्षी उखडते. भात घरात यायच्या आधी ते नव्याने करतात: माती खणायची, भिजवायची, तुडवायची, चोपायची, शेणाने सारवायची. तुडवण्याचे काम मी मुलांना दिले. एका रांगेत, ठेक्यात, एक ते दहा म्हणत. थंडीत चिखलात उतरायला मुले आधी कुरकुरली, मग बाहेर निघेनात. दहापर्यंतचे आकडे आठ दिवसांत सगळ्यांना येऊ लागले.

पुढचे सामान घरातलेच. करवंट्यांत कुळीथ, वाल आणि चवळी एकत्र करून द्यायची. मुलांनी निवडून वेगवेगळी करायची. ट्रेनिंगमध्ये याला वर्गीकरण म्हणत. डोळा फरक ओळखायला शिकतो आणि चिमटीत दाणा धरून बोटे तयार होतात. तीच बोटे पुढे पेन्सिल धरतात. अगदी लहानांना दाणे देत नसे. ती नाकात घालतात. त्यांना मोठ्या करवंटीत लहान करवंटी बसवायला द्यायची. अंग आखडले की पोफळीची विरी आणायची. झावळीच्या बुडाचा हा रुंद, गुळगुळीत भाग गळून पडतो. एकाने त्यावर बसायचे, दोघांनी ओढायचे. ओढणारे पाळीपाळीने बदलायचे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे ही त्या वयात सर्वांत अवघड विद्या आहे.

ब्लॉककडून आलेल्या लिहायच्या वीस पाट्या मी ट्रंकेतून काढल्याच नव्हत्या.

खुलासा आत गेल्यावर पाचव्या दिवशी साहेब स्वतः आले. या वेळी कुणाला तरी विचारून थेट आनंदीच्या खळ्याशी पोचले. आत पाऊल टाकणार, तोच त्या दिवशी पाखडणीसाठी घरी असलेली आनंदी भाताचे सूप हातात घेऊन आडवी आली.

“ओ सायबानू, व्हाणा भायर!”

“बूट आहेत हे.”

“मग बूट भायर. कालच सारवलेला खळा आसा.”

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. टेकायला काही नव्हते. एका पायावर उभे राहून त्यांनी बूट काढले, मोजे काढले. मुले हे सर्व अतिशय लक्ष देऊन पाहत होती.

आनंदीने चटई टाकली. ते बसले आणि मला म्हणाले, “तुमचा खुलासा उद्धट आहे.”

“खरा आहे.”

“दोन्ही असू शकतो.” मग खळ्यावर नजर फिरवून, “हा खेळ चाललाय. शिक्षण कुठं आहे?”

“हेच.”

“पाट्या?”

“ट्रंकेत. तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल झेपत नाही.”

“हे तुम्ही ठरवायचं?”

“रोज मुलांबरोबर मी असते. म्हणून मीच.”

ते पारूकडे वळले. ती भाताच्या कोंड्यात बसली होती. पुढ्यात चिपटे आणि मापटे. दोन चिपटी ओतली की एक मापटे भरते. धान्य मोजायची ही मापे प्रत्येक घरात असत.

“बाळ, अंक म्हणून दाखव.”

ओळखीशिवाय पारू बोलत नसे. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी मदत केली नाही. पारूने एक चिपटे मापट्यात ओतले, मग दुसरे ओतले आणि वरून हात फिरवून सपाट केले. साहेबांनी तिच्या हातून चिपटे घेतले, भरले आणि मापट्यावर धरले.

“मापटा भरला,” पारू म्हणाली. “आता सांडतला.”

त्यांनी ओतले. सगळा कोंडा त्यांच्या धोतरावर सांडला. पारूने त्यांच्याकडे पाहिले, मग ओंजळीने कोंडा गोळा करू लागली.

साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत. “नियम आहे,” ते मला म्हणाले, “एक केंद्र, एक जागा. उद्यापासून धर्मशाळा उघडा.”

मी बोलण्याआधी आनंदीने सूप खाली ठेवले. “उघडा मगे. पाट्यो थय लावन ठेवा रांगेन. पोरा नाय येवची. माजा चेडू परत खांबाक. तुमी राखूक येतल्यात?”

“खांबाला म्हणजे?”

तिने त्यांना उठवून खांब दाखवला. लाकूड कमरेच्या उंचीखाली घासून चकचकीत झाले होते. मग विहीर दाखवली. ते काठावर उभे राहून बराच वेळ आत पाहत होते. त्यांच्या पायांत बूट नव्हते.

“कुलूप लावून मस्टर भरणं मात्र चूक,” परत येऊन ते म्हणाले. “मस्टरवर ठिकाण धर्मशाळा लिहिलंय. मुलं इथं. हा खोटा रेकॉर्ड आहे. क्षमापत्र द्या.”

ठिकाणाबद्दल त्यांचे बरोबर होते. मस्टरच्या डोक्यावर धर्मशाळेचे नाव छापील होते आणि मी ते तसेच ठेवले होते. “ठिकाण दुरुस्त करते,” मी म्हणाले. “क्षमापत्र देणार नाही.”

पंधरवड्याने दोन कागद आले. एकात शिमग्यापर्यंत केंद्र खळ्यांत भरवायला परवानगी होती. दुसऱ्यात मला सक्त ताकीद होती, सर्व्हिस बुकात नोंद करून. ती नोंद मी निवृत्त होईपर्यंत तिथे होती. काढून घेण्यासाठी अर्ज करता येतो, असे मला दोनदा सुचवण्यात आले. मी केला नाही.

त्या हिवाळ्यात वाडीतले एकही मूल बांधलेले राहिले नाही. पुढच्या वर्षी परवानगीची वाट न पाहता मी पुन्हा खळ्यांत गेले. फक्त मस्टरवर पट्टीने एक जादा रकाना आखला आणि रोज कोणत्या खळ्यात किती मुले, ते त्यात लिहिले.

पुढे माझ्या हाताखाली शिकाऊ मुली आल्या. त्यांना मी एवढेच सांगत असे: नियम मोडायचा तर मस्टरवर खरा पत्ता लिहून मोडावा. मग भांडताना आवाज चढवावा लागत नाही.