लाल बस्त्यातला फोन

बसल्या जागी पाय हलवायची मला खोड आहे. त्या सकाळी भंडाऱ्याच्या कोर्टात माझा पाय इतका हलत होता की शेजारी बसलेली माझी अशील म्हणाली, "साहेब, बाक हालून राहिला."

ती करडी गावची. तलावाच्या पाण्यावर तिचं धान. शेजाऱ्याने पाट बुजवला, म्हणून रोवणा, म्हणजे भाताची लावणी, अडला होता; पऱ्हे, म्हणजे रोपं, वाफ्यातच उभी होती. जेवणाच्या सुट्टीआधी अर्ज दाखल झाला, तर दुपारी पाट मोकळा करण्याचा हुकूम मिळायची आशा होती.

"पऱ्हे पिवळे पडून राहिले," ती म्हणाली. "आज नाही झालं त ढोरायले टाका लागन."

अर्ज तयार होता, स्कॅनही झाला होता. घोडं अडलं होतं ते आमच्याच शहाणपणापाशी.

आम्ही तीन वकिलांच्या ऑफिसांनी मिळून ऑनलाइन व्हायचं ठरवलं होतं. एक स्कॅनर, एक ऑपरेटर, अर्ज दाखल करायला एकच खातं. मोबाईल नंबर कोणाचा द्यायचा, यावर चर्चासुद्धा झाली नाही. वकीलपत्रावर पहिलं नाव आमच्यातल्या ज्येष्ठांचं असतं, तर इथेही त्यांचाच नंबर. दुसऱ्या कोणाचा सुचवणं म्हणजे पंगतीत त्यांच्याआधी घास घेणं. आता ओटीपी येणार त्यांच्या फोनवर, आणि ते तर काळा कोट चढवला की फोन बंद करून फायलींच्या लाल बस्त्यात बांधून टाकतात. ही गोष्ट अख्ख्या कोर्टाला ठाऊक. नंबर भरताना आम्हालाच तेवढी आठवली नाही.

मी कागद घेऊन अर्ज घेण्याच्या खिडकीवर गेलो. बाबू म्हणाला, "तुमीच त लिहून देल्लं ना, आमचं सगळं ऑनलाइनच घ्या म्हणून?"

दिलं होतं खरं, तिन्ही ऑफिसांचे शिक्के मारून. मला माझाच राग आला.

आत ज्येष्ठांची उलटतपासणी रंगात आली होती. त्यात त्यांना कोणी हाकसुद्धा मारत नाही. मी दारातून परत फिरलो, पुन्हा गेलो, पुन्हा फिरलो. मागे ती पदराचं टोक पिळत उभी होती. शेवटी आत शिरलो, न्यायाधीशांपुढे वाकलो आणि सरळ ज्येष्ठांच्या बस्त्याची गाठ सोडायला लागलो. दुसऱ्याच्या बस्त्याला हात लावणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणंच. साक्षीदारही बोलायचा थांबला.

"काहून बे?" ज्येष्ठ हळूच म्हणाले.

"करडीचं पाणी अडलं आहे सर. ओटीपी पाहिजे."

गाठ माझ्याने सुटेना. त्यांनीच ती सोडली, फोन माझ्या हातात दिला आणि साक्षीदाराकडे वळले.

अर्ज दाखल झाला. दुपारी सुनावणी झाली आणि हुकूम घेऊन ती गावी गेली. पण हुकूम म्हणजे काही पाणी नव्हे. शेजारी ऐकेल की नाही, या घोरात घरी ताटावरही माझा पाय हलत होता.

दुसऱ्या दिवशी उरलेली उलटतपासणी चालू असताना फोन वाजला. ज्येष्ठांच्या कोटातून. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी न्यायाधीशांची माफी मागितली, परवानगी घेतली आणि व्हरांड्यात गेले. अर्जावर नंबर त्यांचाच होता, करडीहून तिने तोच लावला होता.

परत आले ते आपल्या टेबलाकडे नाही, माझ्याकडे. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आता पाय हलवू नको. बाया रोवण्याले लागल्या."