अल्लीपूरकडून येणारा आवाज

बाबा गेले त्या वर्षी मी वर्ध्याच्या एका इंटरनेट कंपनीत नवीन होते. मला रडू आलं नव्हतं. कुणी विचारलं तर ठीक आहे म्हणायचे, कारण वाईट असं काही वाटतच नव्हतं. सगळं अंग सुन्न होऊन बसलं होतं. त्यात साहेबांनी मला राउटरवरचं क्वालिटी ऑफ सर्व्हिस शिकायला बसवलं. बरंच झालं, राउटर कुणाची विचारपूस करत नाही.

गोष्ट तशी साधी. गावांकडे जाणाऱ्या आमच्या लाइनी अरुंद, आणि त्यांतून मेल, फोटो, बोलणं, सगळं बारीक तुकडे होऊन जायचं. गर्दी झाली की तुकडे गळायचे. मेल उशिरा पोचली तरी वाचता येते. बोलणं उशिरा पोचून उपयोग नाही. म्हणून बोलण्याच्या तुकड्यांवर खूण करायची आणि त्यांना आधी सोडायचं. मी पहिल्या दिवशी उत्साहाने सगळ्यांवरच खूण केली. लग्नात प्रत्येकालाच व्याह्याच्या पाटावर बसवल्यासारखं झालं ते.

काम तपासायची साहेबांची एक रीत होती. आकडे स्क्रीनवर दिसायचे, पण त्यांचा भरवसा कानावर. लाइनीच्या दुसऱ्या टोकाला अखंड बोलणारा माणूस बसवायचा आणि नुसतं ऐकायचं. असं कुणी आहे का, त्यांनी विचारलं. मी आईचं नाव सुचवलं. ती एकदा सुरू झाली की मध्ये श्वास कधी घेते, हे बाबांनाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

आई अल्लीपूरला एकटी राहायची. बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आमचंच कनेक्शन होतं. दर मंगळवारी ती तिथे जाऊन पदरावरून हेडफोन चढवायची आणि माझ्याशी बोलायची. माझं म्हणावं असं आता तीच उरली होती, आणि बाबा गेल्यापासून तिचं बोलणं तुटक येत होतं. अर्धं वाक्य, मग शांतता, मग भलताच शब्द. तुकडे गळतात, मला कारण ठाऊक होतं. हे एवढं नीट झालं की आई पहिल्यासारखी ऐकू येईल, एवढ्यासाठीच मी ते शिकत होते.

खुणा सुधारल्या. आईला माझा आवाज स्वच्छ जाऊ लागला, तिचा मात्र तसाच. साहेब हसले. जाणाऱ्या आवाजाची सोय केली, येणाऱ्याची कोण करणार? खूण दोन्ही टोकांना लागते. मग मी वर्ध्यात बसूनच अल्लीपूरच्या राउटरमध्ये शिरले आणि तिकडूनही तेच लिहिलं.

पुढच्या मंगळवारी साहेबही कानाला हेडफोन लावून बसले. आवाज इतका साफ आला की दुकानातला पंखा ऐकू येत होता. आई सांगत होती, सकाळी तिने चुलीवर ते ठेवलं, ते... आणि थांबली. पंखा चालूच होता. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, तीही ऐकू आली. मग ती म्हणाली, "वरण." मग पुन्हा थांबली.

मी स्क्रीनकडे पाहिलं. एकही तुकडा गळला नव्हता. मी कीबोर्डकडे हात नेला तेव्हा साहेबांनी स्वतःचा हेडफोन काढून ठेवला.

"राहू दे पोरी, लाइन साफ आहे. थांबून थांबून तुझी मायच बोलून राह्यली," ते हळू म्हणाले.

मी हात मागे घेतला. डॉक्टर, बस, तिला वर्ध्याला आणणं, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. भीती वाटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे होतं.

आई काही वेळ माझ्या बोलण्याची वाट पाहत राहिली. मग शेजारच्या कुणाला तरी म्हणाली, "आवाज नाई येऊन राह्यला तिचा. लाइन गेली वाटते."