उसनी जीभ

लिहिणं हे माझं काम नव्हे, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडील पापनाशम्‌ला शिंपी, आजोबाही शिंपी, आणि आमची मराठी म्हणजे कित्येक पिढ्यांमागे तंजावरला उतरलेली नि तिथेच तमिळ शेजारात मुरलेली. पुण्याकडचा माणूस ती ऐकून हसतो. ते हसणं वाईट मनाचं नसतं, तरी आपण जरा गप्प होतो. हे मी पुस्तकं वाचून जमवलेल्या मराठीत लिहितो आहे, कुठे घसरलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण न लिहून राहवतही नाही. कारण माझे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, यांच्यासारखा हट्टी माणूस कावेरीच्या दोन्ही तीरांवर झाला नाही. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत साऱ्या कुंभकोणम्‌मध्ये कॉफी न पिणारे ते एकटेच गृहस्थ होते.

यात एवढं काय मोठंसं, असं बाहेरच्याला वाटेल. कुंभकोणम्‌मध्ये दारात आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी कॉफी विचारतात. दूध कोणत्या गाईचं आणायचं यावरून सख्ख्या भावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे. अशा गावात आतोबा घराच्या ओट्यावर, ज्याला आम्ही तिण्णै म्हणतो, शिवणयंत्रामागे बर्मी लुंगी नेसून बसत आणि बिनकानाच्या चिनी पेल्यातून हिरवट पिवळं पाणी पीत. हा त्यांचा हिरवा चहा. त्यात दूध नाही, साखर नाही, नुसती डोंगरातली पानं. पेला आधी सुईत दोरा ओवताना धरावा तसा उजेडाकडे धरायचा, मग डोळे मिटून घुटका घ्यायचा, आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक खुद्द मुनसफ असला तरी त्यानं थांबायचं. समोरच्या कॉफी क्लबातून तृप्त होऊन बाहेर पडणाऱ्या माणसाकडे ते फार कळवळ्यानं पाहत. "बिचारा," ते मला म्हणत, "दूध प्याला नि साखर प्याला. आपण काय प्यालो ते त्याला काही कळलं नाही."

या चहापायी माझ्या थोरल्या भावाचं एक लग्न मोडलं आहे. मरुदानल्लूरला आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो. मुलीनं कॉफी पुढे केली आणि आतोबांनी सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली. "मज नुसतं कढत पाणी द्या," ते म्हणाले. मुलीच्या वडिलांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोटाचं काही आहे काय त्यांना?" माझे वडील सरळ माणूस. ते म्हणाले, "नाही नाही, रंगूनपासून असंच आहे." रंगूनपासून आहे म्हणजे काहीतरी जुनं आणि भारी दुखणं असणार, असं त्या मंडळींनी धरलं. आतोबा नवऱ्या मुलाचे रक्ताचे कोणी लागत नाहीत, हे त्यांना पटवून देईपर्यंत मुलगी दुसरीकडे दिली गेली होती. आत्या कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते मात्र म्हणाले, "चांगलं जाहलं. त्यांची कॉफी पाहिलीस काय? सारी चिकोरीची भेसळ."

ही सवय त्यांना खरोखरच रंगूनमध्ये लागली होती. तिथे त्यांचं शिंप्याचं दुकान होतं आणि समोर शान डोंगरांतून आलेल्या एका माणसाचं चहाचं दुकान. हा माणूस डोंगरातून पानं आणी, कढईत स्वतः भाजून काढी, हातानं चोळून उन्हात वाळवी. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी यायची. उरलेलं मध्ये ठेवलेली किटली सांभाळून घ्यायची. मग लढाई आली, बॉम्ब पडू लागले. आतोबा इतर लोकांबरोबर पायी देशाकडे निघाले तेव्हा त्या मित्रानं त्यांच्या हातात पानांचा डबा दिला आणि सांगितलं, मी आहे तोवर माझ्या हातानं भाजलेली पानं दर वर्षी पाठवीन. पत्राचा प्रश्नच नव्हता. एकमेकांना वाचता येईल असं काहीच दोघांना लिहिता येत नव्हतं. लढाई संपल्यावर खरोखरच डबा येऊ लागला. रंगूनहून मद्रासला येणाऱ्या बोटीतला कोणी, त्याच्याकडून आणखी कोणी, असा तो हातोहात कुंभकोणम्‌ला पोचे. आणून देणाऱ्याला पाठवणाऱ्याचं तोंडही ठाऊक नसे. आतोबा पानांवर पाणी ओतत, डोळे मिटून घुटका घेत आणि आत हाक मारून आत्याला सांगत, "आहे गं. ठणठणीत आहे." एका वर्षी म्हणाले, "कोवळी पानं कमी आहेत. गुडघे धरले असणार, वरच्या उतारावर गेला नाही." आम्ही हसायचो. पण डबा यायची वेळ टळू लागली की त्यांच्या हातून बटणं वाकडी लागत, आणि तेव्हा मात्र घरात कोणी हसत नसे.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो त्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आत्या एकदा रसमात मीठ घालायची विसरली आणि ते मुकाट्यानं जेवून उठले, तेव्हा तिला शंका आली. तिनं त्यांच्या चिनी पेल्यात चहाऐवजी कॉफीचं काळं डिकॉक्शन ओतून, त्यांनी डोळे मिटल्यावर हातात दिलं. आतोबा दोन घुटके प्याले आणि म्हणाले, "पाणी जरा जास्त तापवलंस." जन्मभर त्यांना कॉफी पाजायची म्हणून झगडलेली माझी आत्या, पण ती काही जिंकल्यासारखी दिसली नाही. उंबऱ्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी आतोबांनी मला तिण्णैवर बोलावलं. "डबा येईल तेव्हा तो कसा आहे ते मज कसं कळणार? तुझी जीभ दे."

"आत्याला सांगा की," मी चाचरत म्हटलं.

"ते गवताचं पाणी मी तोंडात घ्यायची नाही," आत्या आतून म्हणाली. "मज अजून बुद्धी आहे."

माझी शिकवणी सुरू झाली. पहिला नियम, कॉफी बंद. कुंभकोणम्‌मध्ये कॉलेजात जाऊन कॉफी न पिणं काय असतं ते सांगता येणार नाही. वर्गातले मित्र मला व्रत आहे असं समजून चालत. शिल्लक राहिलेल्या जुन्या पानांवर आतोबा माझी जीभ घडवू लागले.

"कसं लागतं?"

"भिजलेल्या पेंढ्यासारखं."

"पेंढा गळतो आहे की नुसता दमट आहे?"

"आतोबा, मी पेंढा खाल्लेला नाही."

"म्हणून तर विचारतो. लगेच गिळू नको. तोंडात जरा बसू दे त्यास."

मी बसू देत होतो आणि तोंड वाकडं करत होतो. कधी तळ्याचं पाणी, कधी तांब्याचं भांडं, कधी नुसताच धूर. खरं सांगायचं तर आवडावं असं त्यात काही सापडत नव्हतं, आणि आतोबा इतक्या आशेनं माझ्या तोंडाकडे बघत की तसं म्हणायचंही धैर्य होत नसे. मग एका दुपारी साक्कोट्टैहून भर उन्हात चालत आलो. पेल्यात सकाळचा थंड झालेला चहा होता, तो तहानेच्या भरात पिऊन टाकला आणि भिंतीला टेकून बसलो. जरा वेळानं जिभेच्या मुळाशी काहीतरी गोड उमटलं. साखरेसारखं नव्हे, आवळा खाऊन पाणी प्यावं तसं, पण त्याहून हलकं. चव पिताना शोधत बसलो होतो, ती पिऊन झाल्यावर येणारी होती. मी आतोबांना सांगितलं. त्यांनी यंत्र थांबवलं. "धूर आधी आला की नंतर?" "आधी. आणि गोड फार उशिरा." "तोच," ते म्हणाले. "त्याचा हात असाच आहे. धूर पुढे ठेवतो." त्या दिवसापासून मी तो चहा मागून पिऊ लागलो.

त्या वर्षी डबा फार उशिरा आला. आत्यानं न सांगताच पाणी ठेवलं. मी घुटका घेतला, थांबलो, आणखी एक घेतला. धूर नव्हता. गोडवा घाईनं आला आणि लवकर गेला.

"काय?" आतोबा म्हणाले.

"आपलं पाणी विहिरीचं आहे, म्हणून असेल," मी म्हटलं.

ते स्वतः घागर घेऊन कावेरीवर गेले. आत्यानं कॉफीचा वास नको म्हणून नवं मडकं काढलं आणि स्वतःच विस्तव फुंकला. मी पुन्हा प्यालो. आतोबा लुंगीची गाठ सोडत होते आणि बांधत होते. खोटं बोलणं सोपं होतं, पण जीभ मी त्यांना दिली होती.

"हात वेगळा आहे, आतोबा."

"वाईट?"

"नाही. वेगळा."

त्यानंतरचे महिने ते गिऱ्हाइकांचे कपडे नीट शिवत होते, बटणंही सरळ लागत होती, आणि आत्याला त्याचीच भीती वाटे. रंगूनहून कोणी आल्याचं कळलं की ते गाडी धरून नागपट्टणम्‌पर्यंत जाऊन येत. शेवटी पुढच्या डब्याची वेळ यायच्या आधी एक तमिळ गृहस्थ, रंगूनच्या त्याच गल्लीत दुकान असलेले, पत्ता विचारत आमच्या तिण्णैवर आले. आत्यानं त्यांना कॉफी दिली. ती पिऊन, पेला खाली ठेवून त्यांनी सांगितलं, तो चहावाला मागचा डबा येण्याआधीच्या पावसाळ्यात गेला. दुकान आता मुलगी चालवते. बापानं अंथरुणावर पडल्या पडल्या तिला पानं भाजायला शिकवलं, आणि पहिला घाणा उतरला तो इकडे पाठवायला सांगितला.

आतोबांनी मान हलवली. पाहुण्यांच्या प्रवासाची, जेवणाची चौकशी केली, त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आले. मग यंत्रामागे न बसता माझ्या शेजारी बसले.

"तिची पानं आहेत काय अजून?"

"आहेत."

आत्या आत गेली आणि दोन पेले घेऊन आली. आतोबांनी आपला उजेडाकडे धरला नाही, तसाच हातात ठेवला.

"मागच्या वेळेस मी त्यास शोधीत होतो," ते म्हणाले. "पोरीचं काही ऐकलंच नाही. आता सावकाश पी, आणि ती कशी भाजते ते सांग."